हॉलमध्ये तुम्हाला जागा नव्हती

अहो, तुमचा सोफा मी कापला. भर दुपारी, सगळ्यांदेखत. तुम्ही तेव्हा बाहेर लॉबीत समोरच्या पाटकरांच्या चपलांच्या रॅकशेजारी निजलेले होतात, त्यामुळे तुम्हाला हे कुणी सांगितलेलं नसणार. मीच सांगते.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. भेटायला येणारे सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, कामाला चोख. मी मान डोलावते. सगळं खरंच आहे. पण त्या हॉलबद्दल कुणी बोलत नाही, आणि आपली शेवटच्या वर्षांतली सगळी भांडणं तर त्या हॉलवरूनच होती. ती सगळी अर्धीच राहिली. तुमचं बरं असायचं. माझा आवाज चढला की पिशवी उचलायची आणि खाली मार्केटात जायचं. आता पिशवी इथे दाराला लटकते आहे आणि तुम्हाला ऐकून घ्यावं लागणार आहे.

टॉवरच्या घराची चावी मिळाली तो दिवस मला लख्ख आठवतो. चाळ पाडली, संक्रमण शिबिरात वर्षांमागून वर्षं गेली, एक बिल्डर पळाला, दुसरा आला, आणि एकदाचं अकराव्या मजल्यावरचं ते दार उघडलं. आत रंगाचा वास, फरशीवर सिमेंटचे ठिपके. तुम्ही हॉलच्या मधोमध उभे राहिलात आणि दोन्ही हात पसरून गोल फिरलात. "बघ," म्हणालात, "कुठेच हात लागत नाही." लालबागच्या एका खोलीत नऊ माणसांत वाढलेले तुम्ही. लग्न होईपर्यंत गॅलरीत झोपलेले. साठीला आलेला माणूस गिरक्या घेत होता आणि आपली मुग्धा मोबाइलवर शूटिंग करत हसत होती. त्या दिवशी तो हॉल जगातला सगळ्यात सुंदर हॉल होता. त्यात काहीही नव्हतं.

मग तुम्ही तो भरलात.

तो इंटिरियरवाला पोरगा तुमच्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवला होता. टोकदार बूट, हातात टॅब. त्याने टॅबवर आपला हॉल दाखवला. मी चष्मा लावून बघितलं. त्या चित्रात एकही माणूस नव्हता.

"यात माणसं कुठे बसतात?" मी विचारलं.

"आँटी, हे थ्री-डी आहे."

"असू दे. चहाचा कप कुठे ठेवायचा?"

"सेंटर टेबलवर ना."

"बसल्या जागेवरून तिथवर हात पोचतो का?"

त्याने तुमच्याकडे बघून हसू दाबलं. तुम्हीही हसलात. "ती शिक्षिका आहे," म्हणालात, जणू मला ते एक दुखणं आहे.

मी फार काही मागत नव्हते हो. बसताना पाय जमिनीला टेकावेत. उठताना धरायला काहीतरी असावं. वाचायला उजेड हवा, खिडकी मोकळी हवी, आणि मध्ये एवढी जमीन सुटी ठेवा की गावाहून कुणी आलं तर गाद्या घालता येतील. तुम्ही म्हणालात, "हे सगळं चाळीत होतंच की. मग टॉवरात आलो कशाला?" मी म्हटलं, चाळीत संडास बाहेर होता म्हणून आलो. तुम्ही पिशवी उचललीत.

हॉल तयार झाला. एल-शेपचा सोफा, पार दारापासून खिडकीपर्यंत. इतका मोठा की दारातून आत येणारच नव्हता, म्हणून सुतारांनी तो हॉलमध्ये बसूनच बांधला. रंग मोतिया, कापड मखमलीसारखं. लालबागमध्ये! खालच्या मसाल्याच्या गिरण्यांची लाल पूड जिथे अकराव्या मजल्यापर्यंत चढते, तिथे मोतिया मखमल. सोफ्याची पाठ खिडकीला लागली. खिडकी उघडायची तर गुडघे टेकून सोफ्यावर चढावं लागे, आणि चढलं की तुम्ही ओरडायचात, म्हणून खिडकी कायमची बंद. छत खाली आणून त्यात दिवे बसवले, त्यापायी पंख्याची दांडी कापली, आणि तो पंखा छतालाच वारा घालत बसला. दिव्यांच्या खोबणीत चिलटं मरून पडायची. रोज सकाळी मान वर केली की काचेआड मेलेल्या चिलटांचा काळा थर. मधोमध दगडी टेबल, चारही कोपरे अणकुचीदार. टीव्ही इतका उंच की बातम्या बघून मान धरायची. आणि कोपऱ्यात ती प्लास्टिकची ऑर्किडं. तुम्हाला फार आवडायची. त्यांच्यावर धूळ आणि फोडणीचं तेल मिळून एक चिकट साय धरली होती. मी एकदा तिच्यावरून बोट फिरवलं आणि तुमच्या नाकासमोर धरलं. "पुसून घे," म्हणालात आणि पेपर वाचायला लागलात.

वर त्या मखमलीवर तुम्ही जाड प्लास्टिक चढवलंत. डाग पडायला नकोत म्हणून. बसलं की कर्रकन वाजायचं आणि उठलं की मांडीची कातडी सोलल्यासारखी सुटायची. मे महिन्यात त्यावर घामाचं तळं साचायचं. ते पुसायचं काम माझं. आपल्याच घरातल्या माणसांचा घाम मी फडक्याने पुसत होते आणि मनात शी, शी म्हणत होते. माणसांना नव्हे. त्या प्लास्टिकला.

तुम्हाला हे वेड कुठून लागलं ते मला ठाऊक होतं. म्हणूनच जास्त चीड यायची.

आपलं लग्न नुकतं झालं होतं. तुमचे मोठे भाऊ तेव्हा लालबाग सोडून दादरला ब्लॉकमध्ये राहायला गेले होते आणि त्यांनी आपल्याला जेवायला बोलावलं होतं. तुम्ही ऑफिसातून थेट आलात, शर्ट पाठीला चिकटलेला. सोफ्यावर बसणार तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "थांबा हं भावजी," आणि त्यांनी आतून वर्तमानपत्र आणून सोफ्यावर पसरलं. मोठे भावजी शेजारीच होते. ते पेपर पसरताना बघत होते. तुम्ही त्या पेपरवर बसलात. हसत बसलात. जेवण होईपर्यंत हसत होतात आणि मी तुमच्या पँटच्या खालून डोकावणारी पेपरातली जाहिरात बघत होते.  परत येताना म्हणालात, "आपलाही हॉल होईल एक दिवस."

मला वाटलं, तुम्हाला असा हॉल हवा आहे जिथे कुणालाही पेपरवर बसावं लागणार नाही.

मग ते गणपतीतलं. बाबलभावजी आले होते. तुमचा लहानपणचा दोस्त बाबल्या. तुमच्याबरोबर चाळीच्या गॅलरीत एका गोधडीत झोपलेला, गिरणी बंद पडल्यावर भाजीची गाडी लावून घर चालवलेला. गाडी बंद करून तसेच आले होते, हातात गावचे दोन नारळ, गळ्यापर्यंत घाम. ते सोफ्याकडे वळले आणि तुम्ही म्हणालात, "बाबल्या, थांब जरा." आत जाऊन जुना टॉवेल घेऊन आलात. प्लास्टिक होतंच, त्यावर टॉवेल पसरलात.

बाबलभावजींनी टॉवेलकडे बघितलं, मग तुमच्याकडे. "आरे, मी खालीच बसतंय," ते म्हणाले, "कंबरेक बरा पडता." पण खाली बसायला जमीन कुठे होती? सोफा आणि टेबल यांच्यामध्ये मांडी घालण्याइतकीही जागा नव्हती. ते तसेच स्वयंपाकघरात आले, ओट्याला टेकले आणि उभ्याउभ्या मोदक खाल्ला. "बरो झालो हा, वैनी," म्हणाले. 

ते गेल्यावर मी दार लावलं आणि म्हटलं, "आज मला तुमची शिसारी आली."

"तो घामाने निथळत होता."

"तुम्हीही निथळत होतात. दादरला."

तुमचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवशी तुम्ही पिशवी न घेताच खाली गेलात. नंतर कितीतरी दिवस आपण 'दूध आलं का' आणि 'गॅस लावला का' एवढंच बोलत होतो. ते वाक्य मी मागे घेणार नाही. गेलेल्या माणसाशी गोड बोलायची रीत आहे, पण आपण चाळीस वर्षं एकमेकांशी तसं कधी वागलो नाही. आली होती शिसारी, तर आली होती.

आणि तुम्हाला येत होतं हो! हेच तर मला गिळता येत नाही. संक्रमण शिबिरातली ती खोली आठवा. वारा तिरका यायचा म्हणून तुम्ही खाट तिरकी लावलीत. लोक हसले, पण उन्हाळाभर आपण झोपलो. खिडकीखाली बिजागऱ्यांवर फळी ठोकलीत. दिवसा तिच्यावर मी शाळेच्या वह्या तपासायची, जेवताना तिच्यावर ताटं, आणि माणसं आली की दुमडून भिंतीला. दिवा माझ्या डाव्या बाजूला आणून लावलात, लिहिताना हाताची सावली अक्षरावर पडू नये म्हणून. मी काही मागितलं नव्हतं. तुम्ही नुसतं मला काम करताना बघितलं होतं. गौरीजेवणाला त्या एवढ्याशा खोलीत केवढी माणसं बसली आणि कुणाचं कोपर कुणाला लागलं नाही. त्या खोलीबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही, कारण तेव्हा ते सांगायची गरज वाटली नाही. आता सांगते. मी तिथे फार सुखात होते.

तोच माणूस पुढे टॅबवरच्या चित्राला भुलला. बाबल्याखाली टॉवेल घालणारा आणि माझा दिवा डावीकडे लावणारा माणूस एकच, हे माझ्या अजून पचनी पडत नाही.

गेल्या वर्षी तुमचं हृदय थकलं. पाय सुजले, चार पावलं टाकली की धाप लागायची. आणि तो सोफा इतका बुटका आणि खोल की एकदा बसलात की उठता येईना. धरायला काही नाही, पाय रोवावेत तर गुडघे छातीपाशी. मी दोन्ही हातांनी ओढायची. एकदा ओढताना माझाच तोल गेला, आपण दोघंही टेबलावर आपटलो आणि दगडाचा कोपरा तुमच्या नडगीत घुसला. सुजलेल्या पायातून रक्त कमी आणि पाणीच जास्त झिरपायला लागलं. पिवळसर, चिकट पाणी. मी पदराने दाबून धरलं. आणि तुम्ही काय म्हणालात?

"प्लास्टिक पूस आधी."

"काढून टाकू या हो हा," मी म्हटलं. अक्षरशः हात जोडले. "एक साधी उंच खुर्ची आणू. तुम्हाला हॉलमध्ये बसता येईल."

"मी गेल्यावर काय करायचं ते कर."

मग तुम्ही स्वयंपाकघरात राहायला आलात. फ्रिज आणि ओटा यांच्यामध्ये ती निळी प्लास्टिकची खुर्ची, तोंड टाइल्सकडे. आयुष्यभर ज्या हॉलची वाट पाहिलीत त्याच्यातून तुम्हाला टीव्हीचा नुसता आवाज यायचा. मॅच असली की म्हणायचात, "काय झालं बघ गं जरा," आणि मी फोडणी सोडून हॉलमध्ये जाऊन स्कोअर बघून यायची. रिकाम्या सोफ्यासमोर टीव्ही चालू, आणि घरातली दोन्ही माणसं ओट्यापाशी. कधीकधी मी त्या सोफ्याकडे बघायची तर तो मला ऐसपैस पसरलेल्या आडदांड पाहुण्यासारखा वाटायचा. जेवून झालं तरी न जाणारा.

परळच्या हॉस्पिटलात तुम्ही पहाटे शेवटचा श्वास घेतलात. दुपारी घरी आणलं. बाबलभावजी, जावई अमोल आणि बिल्डिंगमधले दोघं, अशा चौघांनी तुम्हाला लिफ्टमधून वर आणलं आणि दारातून आत घेतलं.

"कुठे ठेवायचं, आई?" अमोलने विचारलं.

मी हॉलकडे बघितलं. 

त्यांनी दगडी टेबल ढकलून भिंतीला लावलं. तरी स्ट्रेचर जमिनीवर सपाट बसेना. एक बाजू टेकवायला गेले तर दुसरी सोफ्यावर चढली. तुम्ही तिरके झालात, डोकं खाली, पाय वर, आणि तुमच्या टाचांखाली ते प्लास्टिक कर्रकन वाजलं. मुग्धा किंचाळली, "बाबांना असं नका ठेवू!" बेडरूममध्ये न्यावं तर पलंगाभोवती माणूस उभा राहीना. शेवटी चौघांनी तुम्हाला परत उचललं, दाराबाहेर नेलं आणि लॉबीत चटई घालून ठेवलं. डोक्याशी पाटकरांचा चपलांचा रॅक. पाटकरवहिनींनी घाईघाईने त्यावर चादर टाकली, तरी एक स्लीपर बाहेर डोकावत होती.

लॉबीतली ट्यूब लुकलुकत होती. लिफ्टचं दार उघडलं आणि पार्सलवाला बाहेर आला, हातात बिर्याणी. त्याचा मजला चुकला होता. तुम्हाला बघून तो भिंतीला चिकटला, "सॉरी मॅडम" म्हणाला आणि मागच्या मागे लिफ्टमध्ये शिरला. वास मात्र मागे राहिला. तुमच्या अंगावरून गेला तो बिर्याणीचा वास. मी तिथेच उभी होते.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पण लॉबीत फार वेळ नको. वरच्या मजल्यावर आज साखरपुडा आहे, पाहुणे यायला लागतील."

"मग कुठे नेऊ? तुमच्या हॉलमध्ये नेऊ?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि बघत राहिले. सगळ्यांचीच किळस आली मला. त्यांची, वरच्या साखरपुड्याची, त्या एका बाहेर डोकावणाऱ्या स्लीपरची. आणि तुमची. तुम्ही तिथे इतके निमूट पडला होतात, पेपरवर बसला होतात तसे.

बाबलभावजी तुमच्या उशाशी उकिडवे बसले होते. ते उठले. "वसंतो भायर रवाचो नाय," ते सेक्रेटरींना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वैनी, सांगा. काय करूचा?"

"कापा तो," मी म्हटलं.

"आई, अगं आत्ता?" मुग्धाने माझा दंड धरला. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, थोडा वेळ थांबा. हॉलचं काम चालू आहे."

नवव्या मजल्यावर कुणाच्यातरी घरी सुतारकाम चालू होतं, बाबलभावजी तिथून करवत आणि हातोडा घेऊन आले. पण पहिला घाव मी घातला. भाजी चिरायच्या सुरीने. प्लास्टिक फाडलं आणि मोतिया मखमल या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरत नेली. 

अहो, आत काय होतं ते ऐका.

आधी वास आला. ओल्या कुत्र्यासारखा. फोम पिवळा पडून त्याचा भुगा झाला होता. त्याखाली गोणपाट, आणि गोणपाटाखाली गुटख्याच्या पुड्या. मूठ मूठ. सुतारांनी खाऊन आत कोंबलेल्या. लाल पिचकाऱ्यांनी भरलेल्या चिंध्या, बिड्यांची थोटकं. तुम्हाला सागवान म्हणून सांगितलेला सांगाडा म्हणजे आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या होत्या, एकीवर अजून हापूसचं चित्र. कोपऱ्यात उंदराने घर केलं होतं आणि अंथरुणाला तुमचा हरवलेला राखाडी पायमोजा कुरतडून घेतला होता. आणि झुरळं. करवत लागली तशी ती भिंतीवर, टीव्हीवर, त्या ऑर्किडांवर धावली. बायका किंचाळत बाहेर पळाल्या. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. तोंड धुतलं, परत आले आणि झाडू घेतला.

याच्यावर डाग पडू नये म्हणून बाबल्याखाली टॉवेल! याच्यासाठी खिडकी बंद! हे जपण्यासाठी तुम्ही वर्षभर टाइल्सकडे तोंड करून बसलात!

बाबलभावजी कापत होते, अमोल तुकडे जिन्यात नेऊन टाकत होता, मी आणि पाटकरवहिनी फिनेलने फरशी धुत होतो.  मग मी खिडकी उघडली. गंजलेली होती, दोन धक्के द्यावे लागले. वारा आत आला. सोफ्याखालची फरशी चावी मिळालेल्या दिवशी होती तशीच होती, सिमेंटचा एक ठिपकासुद्धा होता.

तुम्हाला आत आणलं. मधोमध ठेवलं. चहूबाजूंनी माणसं बसली, कुणी मांडी घालून, कुणी भिंतीला टेकून, जुन्या चाळीतल्या म्हाताऱ्या पाय लांब करून. घर झाल्यापासून पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये माणसं बसली. मी तुमच्या पायाशी बसले. हाताला फिनेलचा आणि त्या फोमचा वास येत होता आणि मला रडू येत नव्हतं. बाबलभावजींनी तुमच्या कपाळावरून हात फिरवला, तेव्हा आलं.

मग मोठे भावजी आले. जाऊबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून एकटेच, काठी टेकत. दर गणपतीत तुम्ही त्यांना फोन करायचात, "दादा, आमचा हॉल बघायला या," आणि दर वेळी ते म्हणायचे, "पुढच्या वेळी नक्की." आम्ही त्यांना स्वयंपाकघरातली निळी खुर्ची आणून दिली. ते रडले. चष्मा पुसला, चहूकडे बघितलं आणि म्हणाले, "केवढा ऐसपैस हॉल आहे गं वसंताचा. मला कल्पनाच नव्हती."

ऐकलंत? ज्या वाक्यासाठी तुम्ही एवढं सगळं केलंत ते तुमच्या देहासमोर, उघड्या फरशीवर बोललं गेलं. मी ओठ आवळून धरले. हसू येत होतं की किळस, ते मला आजही सांगता येणार नाही. इतकं मात्र पुन्हा एकदा कळलं की साठी उलटली तरी तुम्ही दादरच्या त्या पेपरवरून कधी उठलाच नव्हतात. हे मी तुम्हाला एकदा, न रागावता, सांगायला हवं असं खूपदा मनात यायचं. पण तुम्ही असलात की मला राग यायचाच.

नंतरचंही थोडं सांगते. त्या इंटिरियरवाल्या पोराचा फोन आला होता. तुमच्याबद्दल कळलं म्हणाला, फार वाईट वाटलं म्हणाला, आणि त्याच दमात, "आँटी, रिनोव्हेशन करणार असाल तर जुन्या कस्टमरला आपण स्पेशल रेट देतो." सोफ्याच्या पोटात काय सापडलं ते मी त्याला एकेक करून सांगितलं. तो म्हणाला, "ते लेबरने केलं असेल." मी फोन ठेवला आणि हात धुतले. फोनवर बोलून हात धुवावेसे वाटले, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

मुग्धा रोज मोबाइलवर सोफ्यांचे फोटो पाठवते. बटण दाबलं की पाय वर होतात असे. "आई, रिकामं घर बरं दिसत नाही," म्हणते. तुमचीच मुलगी. मी तिला म्हटलं, घर बघायचं नसतं, त्यात बसायचं असतं. ती म्हणाली, बाबा असते तर त्यांना हे आवडलं नसतं. मी म्हटलं, हो, नसतंच आवडलं.

गेल्या आठवड्यात मी ठाकूरद्वारला गेले होते. माझ्या माहेरच्या गल्लीजवळ लाकडी सामानाचं एक दुकान आहे. मी एकेका खुर्चीत बसून बघत होते. पाय टेकतात का, हात टेकवून उठता येतं का. दुकानदार बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "मावशी, पाहुण्यांसाठी हवं तर आत भारीतलं आहे, दाखवू?"

"पाहुण्यांसाठी नको. बसायला दाखवा."

एक सापडली. साधी, वेताची बैठक, रुंद लाकडी हात.

"किती देऊ?"

"दोन," मी म्हटलं.

तोंडातून गेलं तसं. एक म्हणायचं होतं. तो दुसरी शोधायला आत गेला आणि मी तिथे उभी राहिले, पण त्याला हाक मारून थांबवलं नाही.

दोन्ही खुर्च्या आता खिडकीशी आहेत. दुसरीवर तुमचा फोटो ठेवून हार घालायचं मुग्धाने सुचवलं. मी नाही म्हटलं. माझ्या घरात आता कुठलीच खुर्ची बघायची म्हणून राहणार नाही. संध्याकाळी पाटकरवहिनी तिच्यावर येऊन बसतात, कोथिंबीर निवडतात, काड्या खाली पडतात. काल त्यांनी चहाचा गरम कप थेट खुर्चीच्या लाकडी हातावर ठेवला. उचलला तेव्हा पॉलिशवर पांढरा डाग उमटला होता. गोल, कपाएवढा. त्या ओशाळल्या, पदराने घासायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या हो.

त्या गेल्यावर मी त्या डागाकडे बघत बसले. नव्या कोऱ्या खुर्चीवर चहाचा डाग. तुम्ही असतात तर घर डोक्यावर घेतलं असतंत.

ओरडा ना.